“बाई, चिन्ह का उलटतं?”

पत्र : सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर आवड असलेल्या पंचवीस-तीस मुलांसाठी मी एक तास जादा घेते. एकचल समीकरणे त्यांना चांगली येतात, म्हणून या वर्षी रेषीय असमानता, म्हणजे बरोबरीऐवजी लहान-मोठ्याचे चिन्ह असलेली विधाने, घेतल्या आणि तिथे गाडी अडली. मुले समीकरणाचीच रीत लावतात आणि शेवटी ‘क्ष = ५’ लिहून मोकळी होतात. शाब्दिक उदाहरणात ‘कमीत कमी’ हे शब्द आले की निम्मा वर्ग ‘पेक्षा लहान’चे चिन्ह घालतो. ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटायचे, हा नियम मी फळ्यावर लिहून दिला. तर आता काही जण उत्तर ऋण आले तरी चिन्ह उलटतात, आणि काही जण नुसते पद एका बाजूकडून दुसरीकडे नेतानाही उलटतात. मागच्या शनिवारी एका मुलीने विचारले, “बाई, चिन्ह का उलटतं?” मी “नियमच आहे तसा” म्हणाले आणि ती खाली बसली. तिचे ते गप्प बसणे माझ्या मनाला लागून राहिले आहे. हा विषय या वयाला लवकर होतो का, की माझी रीत चुकते आहे?
— एक गणित शिक्षिका

उत्तर : शिक्षिका भगिनी, सप्रेम नमस्कार.

लवकर-उशिराचा प्रश्न आधी संपवू. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकात रेषीय असमानतांचे स्वतंत्र प्रकरण अकरावीत येते, हे खरे आहे. पण लहान-मोठ्याची तुलना मुले प्राथमिक शाळेपासून करत आलेली असतात, आठवीत ती संख्यारेषेवर परिमेय संख्या दाखवतात आणि नववीच्या भूमितीत त्रिकोणाच्या बाजू व कोन यांच्या असमानतेचे गुणधर्मही शिकतात. ज्या मुलाला ३क्ष + २ = १४ सोडवता येते, त्याला ३क्ष + २ < १४ समजायला वयाची आडकाठी नाही. तुमच्या रीतीतही मोठा दोष नाही. क्रम मात्र उलटा झाला आहे. चिन्ह आणि नियम पुढे आले आणि ज्या वाक्यासाठी ते चिन्ह जन्माला आले, ते वाक्य मागे राहिले. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मीही हाच क्रम धरून शिकवत होतो, नियम फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहीत होतो, आणि मुलांना परीक्षेत गुण मिळत होते म्हणून माझी चूक मला फार उशिरा उमगली.

‘कमीत कमी’ला निम्मा वर्ग अडखळतो, त्याचा दोष मुलांकडे देऊ नका. त्या शब्दांत ‘कमी’ दोनदा ऐकू येते, मग हात आपोआप लहानाच्या चिन्हाकडे जातो. ‘जास्तीत जास्त’ची गतही तीच होते. आपल्या भाषेत तुलनेचे शब्द किती आहेत ते पाहा : निदान दहा, दहा तरी, किमान दहा, दहाच्या खाली नको, दहाच्या पुढे, दहापर्यंत, दहाच्या आत, दहाहून अधिक. यांतला प्रत्येक शब्दप्रयोग मुलांना घरी-दारी बरोबर कळतो. आई “दहा तरी पोळ्या लागतील” म्हणाली, तर आठ पोळ्यांवर भागणार नाही, हे सांगायला कोणी गणिताचा शिक्षक लागत नाही. ही समज वहीत उतरेपर्यंत हरवते, कारण वाक्य वाचून झाल्या झाल्या आपण चिन्ह विचारतो.

म्हणून पहिला एक तास पूर्णपणे चिन्हाविना घ्या. फळ्यावर वाक्य लिहा : ‘सहलीला किमान ४० मुले झाली तरच गाडी ठरवायची.’ आणि फक्त एवढेच विचारा, की किती मुले झाली तर चालेल. ४१ चालतील का? ३९ चालतील का? नेमकी ४० झाली तर? आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी दिवसभर ‘चालतंय’ हा शब्द असतो, आणि असमानतेची उकल म्हणजे काय हे सांगायला त्याहून चांगला शब्द मला आजवर सापडलेला नाही. ज्या संख्यांना वर्ग ‘चालतंय’ म्हणेल, त्या सगळ्या मिळून उकल. मुले संख्या सांगत जातील तसतशा त्या संख्यारेषेवर मांडत जा. दहा-बारा टिंबे झाली की कोणीतरी स्वतःच म्हणेल, की इथून पुढची सगळीच चालतात. त्या क्षणी तुम्ही रेघ जाड करा आणि मगच चिन्ह लिहा. ‘क्ष = ५’ लिहून मोकळे होण्याची सवय सुटायला हाच उपाय आहे; समीकरणात बहुधा एकच संख्या चालते, इथे संख्यांचा एक आख्खा पट्टा चालतो, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

‘दहाच्या आत’ हा शब्दप्रयोग मात्र मुद्दाम वादासाठी ठेवा. दहा त्यात धरायचे की नाही, यावर वर्गात दोन तट पडतील आणि दोन्ही बाजूंना रोजच्या बोलण्यातले दाखले मिळतील. बोलण्यात ही संदिग्धता खपते, गणितात खपत नाही, म्हणून < आणि ≤ अशी दोन वेगळी चिन्हे लागतात, हे त्या वादातून जितके स्वच्छ कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

सीमेवरची संख्या आत की बाहेर, हे आपल्या तालमींच्या गावात समजावणे तर अगदी सोपे आहे. कुस्तीच्या ५० किलो गटात वजन ५० किलोपर्यंत चालते, म्हणजे वजनाला ‘व’ म्हटले तर व ≤ ५०. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी विनेश फोगाट यांचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. ५० चालते, ५०.१ चालत नाही. संख्यारेषेवर ५० वर भरीव टिंब काढायचे, कारण ते आत आहे. त्याच्या उजवीकडे केसभरही जाता येत नाही. ‘५० पेक्षा कमी’ असा नियम असता तर टिंब पोकळ राहिले असते. भरीव आणि पोकळ टिंबांतला फरक ज्या मुलांना वर्षभर पाठ होत नाही, त्यांना हे एक उदाहरण पुरते, असा माझा अनुभव आहे.

येथे चिन्हांबद्दल थोडे सांगतो, कारण मुलांनाही ते ऐकायला आवडते. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये छापले, आणि लहान-मोठ्याची चिन्हे थॉमस हॅरिअट यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आली. त्याआधी शेकडो वर्षे माणसे तुलना शब्दांतच करत होती, तेव्हा मुलांनीही एक तास शब्दांत केली तर काही बिघडत नाही. मगरीचे उघडे तोंड मोठ्या संख्येकडे, ही प्राथमिक शाळेतली युक्ती मात्र आता सोडवा. ती चिन्ह काढायला शिकवते, वाचायला शिकवत नाही. शिवाय −७ आणि −२ समोर आले की मगर ७ कडे तोंड करते, कारण मुलाला ७ मोठे दिसते. त्यापेक्षा संख्यारेषेवर जी उजवीकडे ती मोठी, एवढे एकच माप ठेवा. ‘ऋण’ या शब्दाचा अर्थ मुलांना घरूनच ठाऊक असतो, त्याचाही उपयोग करा. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले तेव्हाही शब्द हेच होते. सात रुपये देणे असलेला माणूस दोन रुपये देणे असलेल्यापेक्षा वाईट स्थितीत असतो, म्हणून −७ < −२.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. त्याचे उत्तर कोल्हापुरातल्या मुलांना पंचगंगा नदी देते.

जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी आपल्याकडे घरोघरी विचारली जाते. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आठवीच्या मुलाला पाठ असतात. (तुमच्या वर्गात २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घर सोडावे लागलेली मुले असतील, तर हे उदाहरण घेण्यापूर्वी त्यांच्याशी दोन शब्द बोला, त्यांना नको वाटले तर टाकीतून गळणाऱ्या पाण्याचे घ्या, गणित तेच राहते.) आधी चढते पाणी घ्या. पातळी आता ३६ फूट आहे आणि दर तासाला २ इंच वाढते आहे असे समजा. सगळे इंचांत मांडले की त तासांनंतरची पातळी ४३२ + २त होते, आणि इशारा पातळी म्हणजे ४६८ इंच. ४३२ + २त ≥ ४६८, म्हणून २त ≥ ३६, म्हणून त ≥ १८. अठरा तासांनी इशारा पातळी गाठली जाईल, पुढे ५१६ इंचांची धोका पातळी बेचाळीस तासांनी, आणि मधला काळ १८ ≤ त < ४२ असा एका ओळीत लिहिता येतो. यात कुठेही चिन्ह उलटले नाही. तासही वाढतात, पाणीही वाढते; दोघे एकाच दिशेने चालतात.

मग उतरते पाणी घ्या. पातळी ४५ फूट, म्हणजे ५४० इंच आहे आणि दर तासाला २ इंच उतरते आहे. पाणी धोका पातळीच्या खाली कधी असेल? लगेच बीजगणित करू देऊ नका. वहीत दोन ओळींचा तक्ता करायला सांगा. शून्य तासाला ५४०, सहा तासांनी ५२८, बारा तासांनी नेमके ५१६, तेरा तासांनी ५१४, वीस तासांनी ५००. आता विचारा, की कोणते तास चालतात. बाराच्या पुढचे सगळे चालतात; नेमके बारा चालत नाहीत, कारण तेव्हा पाणी पातळीवर आहे, खाली नाही. म्हणजे त > १२, आणि हे उत्तर मुलांनी कोणताही नियम न लावता काढलेले आहे. यानंतर तेच बीजगणितात लिहा : ५४० − २त < ५१६, म्हणून −२त < −२४. इथे थांबा आणि दोन्ही बाजूंना −२ ने भागून, चिन्ह तसेच ठेवून फळ्यावर लिहा : त < १२. मग मुलांना या ओळीचा अर्थ मराठीत वाचायला लावा. ‘पहिल्या बारा तासांत पाणी धोका पातळीच्या खाली असेल.’ पण सुरुवातीलाच पाणी ४५ फुटांवर होते! वर्ग स्वतःच “चुकलं, बाई” म्हणेल. पाणी कमी हवे असेल तर तास जास्त लागतात. −२ मुळे दोघे विरुद्ध दिशेने चालतात, आणि चिन्ह उलटते ते एवढ्याचसाठी.

हे पटल्यावर त्याचे चित्र दाखवा. वहीच्या कागदाची एक लांब पट्टी कापून तिच्यावर −८ ते ८ पर्यंत समान अंतरावर संख्या लिहायला सांगा आणि पट्टी शून्यावर बरोबर घडी करायला सांगा. २ हा −२ वर पडतो, ५ हा −५ वर पडतो. आधी ५ हा २ च्या उजवीकडे होता. घडी केल्यावर त्याची जागा −२ च्या डावीकडे झाली. −१ ने गुणणे म्हणजे ही घडी. −२ ने भागणे म्हणजे आधी अर्धे करणे, त्यात क्रम बदलत नाही, आणि मग घडी करणे, त्यात क्रम पालटतो. पट्टी प्रत्येकाने स्वतः करावी. तुमच्या हातातली एक पट्टी दुरून पाहिल्याने तेवढे काम होत नाही.

चौकस मुलांसाठी आणखी एक वाट आहे, आणि मला स्वतःला तीच सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात ऋण संख्येने भागायची वेळच येत नाही. −२क्ष < ६ घ्या. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा : ० < ६ + २क्ष. दोन्ही बाजूंतून ६ वजा करा : −६ < २क्ष. २ ने भागा : −३ < क्ष. आता हेच वाक्य उजवीकडून वाचा : क्ष हा −३ पेक्षा मोठा. कुठेही काही उलटवले नाही, तरी सुरुवातीला क्ष ज्या बाजूला होता तिथून पाहिले तर चिन्ह उलटलेले दिसते. मात्र ‘−३ < क्ष’ आणि ‘क्ष > −३’ ही एकच गोष्ट आहे, हे मुलांकडून चार-पाच वेळा दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचून घ्या. पुष्कळ मुले इथे चाचरतात आणि आपल्याला ते वहीवरून कळत नाही.

पद हलवतानाही चिन्ह उलटणारी तुमची मुले माझ्या वर्गातही असत, आणि त्याचे मूळ आपल्याच बोलण्यात आहे. समीकरणे शिकवताना आपण “बाजू बदलली की चिन्ह बदलतं” असे वर्षभर म्हणत असतो. तिथे चिन्ह म्हणजे अधिक-उणे. मग असमानतेत तोच ‘चिन्ह’ हा शब्द आपण < आणि > साठी वापरतो. मुलाने ऐकलेले तंतोतंत पाळले, तर तो पद हलवताना तुलनेचे चिन्हही बदलणारच. म्हणून या प्रकरणात दोन नावे वेगळी ठेवा : एक अधिक-उण्याचे चिन्ह आणि एक तुलनेचे चिन्ह. जमल्यास ‘बाजू बदलली की’ हे वाक्यच सोडा आणि ‘दोन्ही बाजूंत मिळवू’, ‘दोन्ही बाजूंतून वजा करू’ असे प्रत्येक वेळी पूर्ण बोला. सुरुवातीला वेळ जास्त जातो, तो जाऊ द्या.

उत्तर ऋण आले म्हणून चिन्ह उलटणाऱ्यांसाठी तपासणीची सवय लावा. २क्ष < −६ यात भागायचे आहे ते धन २ ने, पण समोर −६ दिसला की हात फिरतो आणि मूल क्ष > −३ लिहून बसते. उत्तर लिहून झाल्यावर तीन संख्या मूळ वाक्यात घालून पाहायच्या : सीमेवरची, तिच्या डावीकडची आणि उजवीकडची. −३ घातले तर −६ < −६, हे खोटे आहे, म्हणून सीमा बाहेर. −४ घातले तर −८ < −६, हे खरे. ० घातले तर ० < −६, हे खोटे. म्हणजे उकल डावीकडे आहे, क्ष < −३. ही तीन ओळींची तपासणी प्रत्येक उदाहरणाखाली सक्तीची करा आणि तिला गुण द्या. मी तर पुढे पुढे उत्तर चुकले पण तपासणीत स्वतःची चूक पकडली, अशा मुलाला पूर्ण गुण देत असे.

पूर्ण संख्यांचा मुद्दा लवकर आटोपतो, पण विसरू नका. मार्केट यार्डातून टेम्पोत ७५० किलोपर्यंतच माल न्यायचा आहे, त्यात ८० किलो सामान आधीच चढवले आहे, तर ३० किलोचे गुळाचे किती रवे बसतील? ३०क्ष + ८० ≤ ७५०, म्हणून क्ष ≤ २२.३३…, म्हणून २२. याउलट १६० मुलांना ४५ आसनांच्या किती गाड्या लागतील? ४५क्ष ≥ १६०, म्हणून क्ष ≥ ३.५५…, म्हणून ४. एकीकडे खाली यायचे आणि दुसरीकडे वर जायचे, हे अपूर्णांक पाहून ठरत नाही, ‘जास्तीत जास्त’ आणि ‘कमीत कमी’ पाहून ठरते. तेविसावा रवा चढवला तर टेम्पोचे काय होईल आणि तीनच गाड्या आणल्या तर किती मुले मागे राहतील, एवढे विचारले की पुरते.

आणि त्या मुलीबद्दल. येत्या शनिवारी तास सुरू करताना सगळ्या वर्गासमोर तिचे नाव घेऊन सांगा, की मागच्या वेळी हिने चांगला प्रश्न विचारला होता, मी उत्तर दिले नव्हते, आज आपण ते शोधू. शिक्षकाने हे उघडपणे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही, आणि पुढे प्रश्न विचारायचा की नाही हे तिच्याबरोबर आणखी दहा मुले त्या एका वाक्यावरून ठरवणार आहेत. उतरत्या पाण्याचा तक्ता फळ्यावर तिलाच भरू द्या. पट्टीची घडी झाल्यावर तिला −३क्ष + ७ ≥ १ हे उदाहरण द्या आणि ते दोन रीतींनी करायला सांगा : एकदा −३ ने भागून, एकदा ३क्ष पलीकडच्या बाजूत मिळवून. दोन्हीकडून क्ष ≤ २ आले आणि १, २, ३ या संख्या घालून तपासून झाल्या, की तिला स्वतःला कोणती रीत पटली आणि का, ते चार ओळींत लिहून घ्या, आणि शक्य झाल्यास तिच्या त्या चार ओळी मला पाठवा.